न चाखता

नैवेद्याचा स्वयंपाक चाखून पाहायचा नाही, हा दंडक आमच्या घरी पूर्वापार पाळला जातो. आमटीत मीठ पुरेसे पडले आहे की नाही, हे वाफेच्या वासावरून ताडायचे आणि बाकीचे देवावर सोपवायचे. हा दंडक कधीकाळी बेलग्रेडमधल्या एका चौथ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात, तेही अंडी घातलेल्या एका सर्बियन पदार्थाच्या कामी येईल, असे मात्र आमच्या ध्यानीमनीही नव्हते.

पदार्थाचे नाव गिबानित्सा. कागदासारख्या पातळ पाऱ्या, मिठाच्या पाण्यात मुरवलेले पांढरे चीज, साय, अंडी आणि तेल यांचा थरांथरांनी रचून भट्टीत भाजलेला हा पदार्थ सर्बियात घरोघरी होतो. सकाळी न्याहारीला त्याचा चौकोनी तुकडा आणि सोबत पातळ दह्याचा पेला, एवढ्यावर तिथला माणूस दुपारपर्यंत काम करू शकतो. झुलणे, हलणे, वळणे अशा अर्थांच्या ‘गिबाती’ या क्रियापदावरून हे नाव आले आहे. वुक कराजिच या थोर कोशकाराने १८१८ साली व्हिएन्नात सर्बियन भाषेचा कोश प्रसिद्ध केला, त्यातही हा शब्द आहे. म्हणजे पदार्थ निदान दोनशे वर्षांचा. आणि पारीच्या या साऱ्या पदार्थांवर तुर्की पाकशाळेची जी दाट छाया आहे ती पाहता, त्याचे मूळ त्याहूनही बरेच मागे जात असावे.

आमच्या चिरंजीवांनी बेलग्रेडची मुलगी पसंत केली आणि २०१६ सालच्या एप्रिलमध्ये आम्ही उभयता प्रथमच त्या गावी गेलो. व्याही पूर्वीच निवर्तले होते. विहीणबाई एकट्याच राहत. त्यांना सर्बियनखेरीज दुसरी भाषा येत नव्हती आणि आम्हांला सर्बियनचा गंध नव्हता. दारातच त्यांनी सौ.चे दोन्ही हात धरले आणि ‘प्रियो, प्रियो’ असे काही म्हणाल्या. पहिल्याच भेटीत एवढी सलगी पाहून आम्ही गोंधळलो. सूनबाईंनी उलगडा केला: तिकडे विहिणीला ‘प्रिया’ असेच म्हणतात, हाक मारताना त्याचे ‘प्रियो’ होते, आणि व्याह्याला म्हणतात ‘प्रियातेल’. याच शब्दाचा दुसरा अर्थ मित्र. आपला ‘प्रिय’ आणि हा शब्द एकाच मुळातून फुटलेले आहेत, हे पुढे वाचनात आले. आपल्याकडे विहीण म्हटले की रुसवे, मानपान आणि विहिणीची पंगत आठवते. त्यांच्या भाषेने मात्र या नात्याला मैत्रीच्या शेजारी नेऊन बसवले आहे.

मुलगा आणि सूनबाई सकाळी कामावर जात. मग त्या घरात आम्ही तिघेच उरत असू. वेळ घालवण्याचे ठिकाण एकच, स्वयंपाकघर. साखरेचा डबा दाखवून विहीणबाई ‘शेचेर’ म्हणाल्या आणि आम्ही ‘साखर’ म्हणालो, तेव्हा तिघेही हसलो. आपली शर्करा इराण आणि तुर्कस्तान ओलांडून तिथवर पोहोचली होती. दुकानाला त्या ‘दुचान’ म्हणत. टेबलावर अंथरायच्या चादरीला ‘चार्शाव’. आणि देशाच्या नैर्ऋत्येला एक गाव आहे त्याचे नाव ‘नोवी पाझार’, म्हणजे सरळसरळ नवा बाजार. १५२१ साली बेलग्रेड तुर्कांच्या हाती पडले आणि तुर्की फौजेची शेवटची तुकडी १८६७ साली तेथून निघाली. मधला काही काळ वगळता साडेतीन शतके ती सत्ता तिथे होती. राज्य गेले, पण डब्यांवरची नावे राहिली. आपल्याकडे फारसीने जे केले, तेच.

एके सकाळी त्यांनी पिशवी उचलली आणि आम्हांला कालेनिच बाजारात घेऊन गेल्या. व्राचार भागातल्या या मंडईत चीजवाल्या बायकांची स्वतंत्र ओळ आहे. सुरीच्या टोकावर चीजचा लहानसा कपटा ठेवून विक्रेती समोर धरते. तो चाखून मगच सौदा करायचा. विहीणबाईंनी पाच ठिकाणी चाखले आणि सहाव्या ठिकाणी घेतले. नंतर ‘कायमाक’ घेतला. कायमाक म्हणजे आपली सायच, पण तिचा संसार निराळा. दूध तापवून पसरट भांड्यांत ओततात, वर धरलेली साय अलगद काढतात, तिला मीठ लावतात आणि थरावर थर देत साठवतात. आपल्या आज्या साय साठवून तिला विरजण लावत आणि तिचे लोणी काढत. ही मंडळी सायीलाच मुरू देतात. ताजा कायमाक पांढरा आणि सौम्य असतो, मुरलेला पिवळसर आणि तिखटसर. गिबानित्साला दोन्ही चालतात.

पाऱ्यांना तिकडे ‘कोरे’ म्हणतात. हा शब्द ऐकून आम्हांला कोरा कागदच आठवला आणि ती उपमा काही चुकीची नव्हती. बाजारात तयार पाऱ्यांची अर्ध्या किलोची पुडकी मिळतात आणि हल्ली बहुतेक घरांत तीच वापरतात. त्या दिवशी मात्र विहीणबाईंनी पाऱ्या घरी करायचे ठरवले. मैद्यासारखे पांढरे पीठ, मीठ, कोमट पाणी आणि चमचाभर तेल, एवढेच साहित्य. पीठ पुष्कळ मळून, गोळ्याला तेल चोपडून त्यांनी तो अर्धा तास झाकून ठेवला. हा विसावा फार महत्त्वाचा. त्यात पिठाचा ताठा सुटतो आणि मग ते ओढले तरी तुटत नाही. टेबलावर चार्शाव अंथरून, पीठ भुरभुरून, गोळा थोडा लाटून त्यांनी मुठी त्याच्याखाली घातल्या आणि टेबलाभोवती फिरत, हातांच्या पाठींनी तो ताणू लागल्या. पाहता पाहता टेबलाच्या चारही कडांवरून पारी खाली लोंबू लागली आणि चार्शाववरची निळी फुले तिच्याआडून दिसू लागली.

तेव्हा आमच्या सौ. पुढे झाल्या. कोणी बोलावले नव्हते. त्यांनी दंडावरची बाही सारली, अंगठीचा खडा आत वळवला आणि विहीणबाईंच्या समोरच्या बाजूने पारीखाली हात घातले.

सौ.चे माहेर बेळगावचे. तिथे लग्नाकार्यात मांडे होत आणि त्यांच्या काकूंना त्यासाठी दूरदूरहून बोलावणे येई. सैलसर कणकेची लाटी दोन्ही हातांवर झेलत, मनगटापासून कोपरापर्यंत फिरवत काकू ती एवढी मोठी करीत, की ती उपड्या खापरावर टाकली की सबंध खापर झाकून जाई. सौ.नी हे लहानपणी शेकडो वेळा पाहिले होते. स्वतः एकदाही केले नव्हते. तरीही पारी कुठे पातळ होऊन फाटायला आली आहे, ते त्यांना हाताला कळत होते. विहीणबाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिले आणि मग दोघी काही न बोलता टेबलाभोवती फिरत राहिल्या.

पारी एका ठिकाणी फाटलीच. सौ. ओशाळल्या. विहीणबाईंनी हात झटकून ‘नीश्ता, नीश्ता’ म्हटले, म्हणजे काही नाही, काही नाही. त्याचे कारण पुढच्या पायरीला समजले. तेल लावलेल्या तव्यासारख्या उभट परातीत, जिला त्या ‘तेप्सिया’ म्हणत, दोन अखंड पाऱ्या अशा अंथरल्या की त्यांच्या कडा बाहेर लोंबत राहाव्यात. उरलेल्या पाऱ्या त्यांनी टराटरा फाडल्या. चीज कुस्करून, त्यात कायमाक, अंडी, दूध, तेल आणि वाळ्यासारखे बुडबुडे येणारे खनिज पाणी घालून केलेल्या मिश्रणात एकेक तुकडा बुडवला, मुठीत सैलसा चुरगळला आणि तेप्सियात शेजारी शेजारी ठेवत गेल्या. या पद्धतीच्या गिबानित्साला ‘गुझ्वारा’ म्हणतात, म्हणजे चुरगळलेली. पारी सपाट अंथरली तर थर एकमेकांना चिकटून बसतात. चुरगळली की सुरकुत्यांच्या पोकळ्यांत मिश्रण आणि हवा दोन्ही राहतात आणि भाजताना सारे फुगून येते. तळाची आणि वरची पारी मात्र धडकी लागते. आतल्या पाऱ्यांना फाटल्याचे दुःख नाही.

प्रमाण विचारले तर विहीणबाई डोळ्याकडे बोट दाखवत आणि म्हणत, ‘ओदोका’. म्हणजे डोळ्याच्या अंदाजाने. तरीही आम्ही वहीत नोंद केली: पाऱ्या अर्धा किलो, चीज अर्धा किलो, कायमाक पाव किलो, अंडी पाच, तेल अर्धी वाटी, दूध वाटीभर, खनिज पाणी अर्धी वाटी. लोंबत्या कडा आत दुमडून, वर शेवटची पारी घालून, तेल शिंपडून २०० अंशांच्या भट्टीत चाळीस मिनिटे. बाहेर काढल्यावर पाण्याचा हबका मारून वर स्वच्छ फडके झाकायचे. भट्टीत उशीसारखी फुगलेली गिबानित्सा बाहेर येताच खाली बसते. ते पाहून नवख्या माणसाचा धीर सुटतो, पण ती तशी बसायलाच हवी.

आता आमची अडचण. आम्ही दोघेही अंडे खात नाही. चीज आणि कायमाक बाजारात चाखला होता, पण तयार पदार्थ आमच्यासाठी वर्ज्य होता. विहीणबाईंना हे ठाऊक होते. त्यांनी आमच्यापुरते बिनअंड्याचे एक लहान भांडे करू असे खुणेने सुचवले. मग आपणच मान हलवून नकार दिला. ती मग गिबानित्सा राहिली नसती, असे त्यांचे मत असावे. आम्हांला ते पटले. पुरणाऐवजी दुसरे काही भरून तिला पुरणपोळी म्हणा, असे कोणी सांगितले असते तर आम्हीही मान हलवली असती. आमच्यासाठी बटाटे भाजले गेले. त्या सहा आठवड्यांत सौ.नी विहीणबाईंबरोबर चार वेळा गिबानित्सा केली आणि एकदाही तिची चव घेतली नाही. अंडी फोडण्याचे काम तेवढे विहीणबाई करीत.

सूनबाईंना मात्र ती करता येत नव्हती. १९९३ साली त्या शाळेत जाऊ लागल्या. युगोस्लाव्हिया फुटला होता, संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध लागले होते आणि चलनवाढ अशी की त्या वर्षी ५०० अब्ज दिनारांची नोट निघाली. पगार हाती पडला की बायका धावत दुकान गाठत, कारण संध्याकाळपर्यंत त्याची किंमत उरत नसे. खेड्यातल्या नातलगांकडून चीज आले तर गिबानित्सा, एरवी नाही. अशा दिवसांत वाढलेल्या मुलीला आईने एकच सांगितले: तू अभ्यास कर, इथे येऊ नकोस. मुलीने अभ्यास केला. आईच्या हातची गिबानित्सा खाण्याचे काम तिने पुढे पंचवीस वर्षे मन लावून केले. करण्याची वेळ आली नाही.

२०२१ सालच्या जानेवारीत विहीणबाई गेल्या. महासाथीचे दिवस होते. आम्हांला जाता आले नाही. सूनबाईंशी दूरध्वनीवर बोललो, पण त्या बोलण्याला काही अर्थ नव्हता.

सर्बियन घरांत ‘स्लावा’ नावाचा कुळाचार असतो. घराण्याचा एक रक्षक संत असतो आणि त्याच्या दिवशी दिवसभर मेणबत्ती तेवत ठेवून, खास पाव कापून तो साजरा करतात. २०१४ साली युनेस्कोने या प्रथेची मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत नोंद केली. त्या दिवशी कोणाला आमंत्रण द्यायचे नसते. ज्याला आठवण असेल तो येतो आणि आलेल्याला वाढायचे असते. स्लावा बापाकडून मुलाकडे जाते. मुलगी लग्न होऊन गेली की सासरची स्लावा तिची होते. आपल्या कुलदैवताचे जसे असते, तसेच. या घराची स्लावा २१ नोव्हेंबरची, देवदूत मिखाएलची. स्लावाला शिजवलेला गोड गहू ठेवण्याची रीत आहे, पण या दिवशी काही घरांत तो करीत नाहीत. गहू मृत संतांसाठी आणि देवदूत तर कधी मेलाच नाही, अशी लोकसमजूत. विहीणबाईही करीत नसत. नाताळपूर्व उपवास २८ नोव्हेंबरला सुरू होतो, तेव्हा दूधदुभते आणि अंडी वर्ज्य होतात. मिखाएलचा दिवस त्याआधीचा असल्यामुळे, बुधवार किंवा शुक्रवार नसेल तर, त्या घरी गिबानित्सा व्हायचीच.

व्याह्यांना मुलगा नव्हता. सूनबाईंचे लग्न आमच्या घरात झाले, जिथे कुलदैवत आहे पण स्लावा नाही. २०२१ चा २१ नोव्हेंबर तसाच गेला. पुढल्या वर्षी त्याच सुमारास आम्ही बेलग्रेडला होतो. मुलगा आणि सूनबाई आता त्याच घरात राहत होते. आम्ही विषय काढला तेव्हा सूनबाई म्हणाल्या, “राहू दे, आई. मला काही करता येत नाही. आणि ती माझी स्लावा आहे की नाही, हेही मला सांगता येणार नाही.”

सौ. त्यावर काही बोलल्या नाहीत. रात्री वही काढून वाचत बसल्या.

२१ नोव्हेंबर २०२२ ला सोमवार होता. सकाळी सूनबाई कामावर गेल्यावर आम्ही कालेनिचमध्ये जाऊन चीज आणले. पाच ठिकाणी चाखून सहाव्या ठिकाणी घेतले, त्याला कारण काही नव्हते. पाऱ्या घरी केल्या, कारण तो चार्शाव कपाटात होता. टेबलाच्या एका बाजूला सौ., दुसऱ्या बाजूला विहीणबाईंच्या जागी आम्ही. आमच्या हातून तीन ठिकाणी फाटले. मग अंडी. सौ.नी पाचही अंडी एकामागून एक वाडग्याच्या काठावर फोडली. पहिल्याचे कवच आत पडले ते चमच्याने काढले. आयुष्यात प्रथमच त्यांनी अंड्याला हात लावला होता. नंतर त्यांनी हात धुतले, इतकेच.

मिठाचा प्रश्न आला. चीज दर खेपेला कमीअधिक खारट असते आणि मिश्रण चाखायचे कोणी? नैवेद्याच्या वेळी करायच्या तसा सौ.नी वास घेतला, थोडा विचार केला आणि चिमूटभर मीठ टाकले.

सूनबाई घरी आल्या तेव्हा जिन्यातच त्यांना वास आला असावा. त्या दारात उभ्याच राहिल्या. मग कोट न काढता आत जाऊन खणातली मेणबत्ती काढली आणि लावली. पाव नव्हता, तो कोपऱ्यावरच्या भट्टीवाल्याकडून मुलाने पळत जाऊन आणला. संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या आजीबाई आल्या. त्यांना कोणी बोलावले नव्हते. त्यांना तारीख आठवत होती. तुकडा खाऊन त्या स्पष्ट म्हणाल्या, मीठ कमी आहे आणि मधला भाग कोरडा झाला आहे, पाणी जास्त हवे होते. सूनबाई तावातावाने त्यांच्याशी वाद घालू लागल्या. बराच वेळ चालले होते. आम्ही काय झाले म्हणून विचारले, तर म्हणाल्या, “मी सांगते आहे, माझ्या आईची अशीच कोरडी व्हायची. तुम्ही वीस वर्षे खाल्लीत, तेव्हा कधी बोलला नाहीत!” आजीबाई हसत होत्या. त्यांनी दुसरा तुकडा घेतला. पावणेदोन वर्षांनी आईविषयी बोलताना सूनबाईंचा आवाज असा चढलेला आम्ही ऐकला आणि आम्हांला बरे वाटले.

पुढच्या वर्षी त्यांनी ती स्वतः केली. आम्ही इकडे होतो. समोर दूरध्वनी उभा करून त्यांनी आम्हांला पडद्यावर बसवले होते. पाणी किती घालू, असे विचारले तेव्हा सौ. म्हणाल्या, “ओदोका.” आणि मग म्हणाल्या, “तू चाखून बघ ना. तुला चाखता येते.”

मेणबत्ती लावून झाल्यावर पडदा काळा झाला. आम्ही दोघे तसेच बसलो होतो. सौ. आपल्या हातांकडे पाहत होत्या. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, “काकूंना जाऊन तीस वर्षे झाली. कितीदा म्हणाल्या होत्या, ये, शिकवते. मी म्हटले, पुढच्या सुट्टीत.” मग उठता उठता म्हणाल्या, “हिचे निदान माझ्याकडे होते. मांडे आता मी कोणाला विचारू?”

आम्हांला उत्तर सुचले नाही. परवा सौ.नी कणीक सैल भिजवून ठेवली होती. खापर नाही, म्हणून लोखंडी कढई उपडी घातली. पहिली लाटी हातावरच फाटली. त्यांनी ती गोळा करून पुन्हा मळली आणि अर्धा तास झाकून ठेवली.